खाडी सामाईक, मग रोग खाजगी कसा?

कोळंबी मरायला लागली की तलाववाल्याचा पहिला फोन जातो औषधवाल्याला. दुसरा व्यापाऱ्याला, "असेल तेवढा माल उद्याच काढू का?" असं विचारायला. शेजारच्या तलाववाल्याला मात्र कुणीच फोन करत नाही.

गेली काही वर्षं मी पालघर आणि रायगडच्या खाड्यांलगत कोळंबी तलावांचं पाणी तपासायचं काम करते. पाण्याच्या बाटल्या, बर्फाचा डबा, एक सूक्ष्मदर्शक आणि जिवाणू वाढवायच्या प्लेट्स, एवढाच माझा संसार. या कामात एक गोष्ट पक्की कळली आहे. कोळंबीच्या जिवाणूजन्य रोगांबद्दल आपल्याकडे माहिती कमी नाही. अडतंय ते या न केलेल्या फोनपाशी. पोस्ट लांबणार आहे, पण ज्यांच्या गावाला खाडी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी रोगाबद्दल. विषाणूंमुळे होणारे रोग वेगळे, उदाहरणार्थ पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. मी बोलतेय ते जिवाणूंबद्दल, आणि त्यातही मुख्यतः व्हिब्रिओ या कुळाबद्दल. हा काही परदेशातून आलेला पाहुणा नाही. खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यात तो असतोच. गाळात असतो, कोळंबीच्या कवचावर असतो, तिच्या आतड्यात असतो. कवच ज्या कायटिनचं बनलेलं असतं ते खाऊनही तो जगतो. त्यामुळे "ताई, माझ्या तलावात व्हिब्रिओ निघाला" असं कुणी घाबरून सांगितलं की मी म्हणते, दादा, नसता निघाला तर मी घाबरले असते. प्रश्न असतो तो किती आहे, कुठल्या जातीचा आहे आणि तुमची कोळंबी किती दमलेली आहे, हा.

कोळंबी दमते कशाने? खाद्य जास्त पडलं की उरलेलं तळाशी कुजतं. काळा गाळ साचतो, हातात घेतला तर सडक्या अंड्याचा वास येतो. पहाटे तीन-चारच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी होतो, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर एरेटर बंद पडतात. एका रात्रीत मोठा पाऊस पडला की पाण्याची क्षारता झपकन उतरते. त्यात कोळंबी कात टाकत असेल, अंगावरचं नवं कवच मऊ असेल, तर व्हिब्रिओला दार उघडंच. पोषक पाण्यात हा जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो. संध्याकाळपर्यंत बरा दिसणारा तलाव सकाळी हाताबाहेर गेलेला असतो, तो असा.

लक्षणंही वेगवेगळी असतात. एका जातीमुळे हॅचरीतली पिल्लं आणि तलावातली कोळंबी अंधारात चक्क चमकते. कोकणातल्या लोकांना समुद्रातली रात्रीची चमक ओळखीची असते, पण ती बहुतेक वेळा दुसऱ्याच सूक्ष्मजीवांची. ती पाणी ढवळलं की लखलखते. जिवाणूची चमक एकसारखी असते आणि आजारी कोळंबीच्या अंगातूनच येते. कधी पाण्यावर पांढऱ्या विष्ठेचे दोरे तरंगतात. कधी रोज थोडी थोडी मर सुरू राहते आणि महिन्याअखेर तलाव निम्मा रिकामा झालेला असतो.

सगळ्यात मोठा धडा आशियाने घेतला तो २००९ नंतर. चीनमध्ये बीज सोडल्यावर पहिल्या महिना-सव्वा महिन्यातच तलावच्या तलाव मरायला लागले. मग व्हिएतनाम, मलेशिया, २०१२ पर्यंत थायलंड, २०१३ मध्ये थेट मेक्सिको. कुणी म्हणालं कीटकनाशक, कुणी म्हणालं खाद्य, कुणी म्हणालं नवा विषाणू. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने दाखवून दिलं की हा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच आहे. फक्त त्याच्याकडे जनुकांचा एक सुटा तुकडा आलेला आहे, हे त्यानंतर कळलं. त्या तुकड्यावर विषाची कृती लिहिलेली असते. जिवाणू कोळंबीच्या जठरात ठाण मांडून विष सोडतो आणि ते विष तिची पचनग्रंथी आतून सोलून काढतं. डोक्याच्या भागात दिसणारी ती तपकिरी पिशवी फिकट पडून आक्रसते, आतडं रिकामं दिसतं, कोळंबी तळाशी जाऊन मरते. थायलंडचं उत्पादन दोन-तीन वर्षांत निम्म्याहून खाली आलं. भर म्हणजे हा तुकडा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि व्हिब्रिओच्या इतर जातींमध्येही तो सापडलेला आहे.

हे सविस्तर लिहिलं त्याला कारण आहे. "काहीतरी स्ट्राँग द्या" ही मागणी का चुकते ते यातून कळतं.

एक, आजारी कोळंबी खाणं सोडते. औषध आपण देतो खाद्यातून. म्हणजे ज्या कोळंबीला औषध हवं तिच्या पोटात ते जातच नाही. ते जातं धडधाकट कोळंबीच्या पोटात आणि उरलेलं पाण्यात. दोन, नुकसान विषाने होत असेल तर जिवाणू मारून सोललेली ग्रंथी परत येत नाही. तीन, पाण्यात जालीम जंतुनाशक ओतलं तर चांगले-वाईट सगळेच जिवाणू मरतात, आणि मोकळ्या जागेत सगळ्यात आधी परत वाढतो तो व्हिब्रिओच. नांगरून मोकळ्या सोडलेल्या शेतात आधी काय उगवतं? तणच ना? तसंच. चार, वाढ खुंटलेली आणि पांढरी विष्ठा दिसते तेव्हा बऱ्याचदा मूळ दुखणं ईएचपी नावाच्या बुरशीवर्गीय परजीवीचं असतं. त्यावर जिवाणूंचं औषध म्हणजे पाय मोडलाय आणि मलम कपाळाला.

आणि पाचवं, जे थेट सगळ्यांच्या खिशाशी जोडलेलं आहे. २०२३-२४ मध्ये भारताने ७ लाख १६ हजार टन गोठवलेली कोळंबी निर्यात केली, किंमत ४० हजार कोटी रुपयांच्या वर. देशाच्या एकूण मत्स्य निर्यातीच्या किमतीत हा वाटा सुमारे दोन तृतीयांश. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांवर कोळंबी संवर्धनात बंदी आहे. त्यांचा अंश एखाद्या कंटेनरमध्ये सापडला की तो परत येतोच, शिवाय संशय सगळ्या देशावर येतो. युरोपीय संघाने २०१६ मध्ये भारतीय संवर्धित कोळंबीच्या मालाची तपासणी १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. एकाने टाकलेल्या पुडीची किंमत दुसऱ्याच्या मालाच्या दरातून वसूल होते. माल काढण्याआधी तलावातला नमुना तपासून दाखला घ्यायची पद्धत आहे ती त्यासाठीच.

तरीही माणूस पुडी का टाकतो? तो मूर्ख आहे म्हणून नाही. एका तलाववाल्या काकांची वही मी पाहिली आहे. खाद्य उधारीवर घेतलेलं. ज्याच्याकडून खाद्य, त्याच्याकडूनच औषध. सल्लाही त्याचाच, आणि माल निघाला की तो उचलणारही त्याच्याच ओळखीतला. वहीच्या डाव्या पानावर खाद्याच्या गोणी, उजव्या पानावर बाटल्या आणि पुड्या. त्या हंगामात उजवं पान डाव्यापेक्षा लवकर भरलं होतं. काका मला म्हणाले, "ताई, तुम्ही सांगता काही टाकू नका. तो सांगतो हे टाका. मरणाऱ्याच्या घरी 'काही करू नका' म्हणणाऱ्या डॉक्टरला कोण बोलावतो?"

या प्रश्नाचं उत्तर आपण सगळ्यांनी मिळून द्यायचं आहे. सल्ला देणारा आणि विकणारा एकच माणूस असेल तर सल्ला कधीच "थांबा" असा येणार नाही. जिल्ह्यात विकत न घेता सल्ला मिळेल अशी जागा हवी.

बरं, मग तलावावर करायचं काय? यात गुपित काही नाही. दोन पिकांच्या मध्ये तलाव पूर्ण सुकवा, भेगा पडेपर्यंत. काळा गाळ काढून टाका, आणि काढलेला गाळ बांधावर रचून ठेवू नका, पहिल्या पावसात तो परत आत येतो. मातीचा सामू बघून चुना घाला. बीज घेताना हॅचरीच्या दाखल्यावर न थांबता पीसीआर तपासणी करून घ्या. बीज रोगमुक्त असणं म्हणजे पुढे रोग न होणं नव्हे, एवढं लक्षात ठेवा. घनता झेपेल तेवढीच ठेवा. व्हेनामीसाठी नियमाने चौरस मीटरला ६० ची कमाल मर्यादा आहे. ती कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नाही. ज्याच्याकडे एरेटर कमी आणि विजेचा भरवसा नाही त्याने त्याच्या बरंच खाली राहावं. चेक ट्रे रोज बघा, ट्रेमध्ये खाद्य उरलं तर पुढचा हप्ता कमी करा. माझ्या अनुभवात व्हिब्रिओ आटोक्यात ठेवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे न टाकलेलं खाद्य.

प्रोबायोटिकबद्दल नेहमी विचारतात. बॅसिलस कुळातले चांगले जिवाणू गाळ कुजवायला आणि जागा अडवायला मदत करू शकतात, पण ते पहिल्या दिवसापासून नियमित टाकले तर. मर सुरू झाल्यावर टाकलेलं महागडं पाकीट म्हणजे मनाची समजूत. आणि पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर घेऊच नका. किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरण प्रतिजैविकमुक्त उत्पादनांची नोंदणी करतं, ती नोंद आहे का ते विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आठवड्याला एकदा पाण्याची प्लेट लावून घ्या. प्लेटवर पिवळे आणि हिरवे ठिपके उगवतात. हिरवे दिसले की लोकांचे चेहरे उतरतात. हिरवा म्हणजे नेहमी वाईट आणि पिवळा म्हणजे नेहमी चांगला असं नसतं. एका दिवसाच्या आकड्याला फार अर्थही नसतो. तीन आठवडे आकडा चढतोय का, हे बघायचं. चढत असेल तर खाद्य कमी, एरेटर जास्त, गाळ बाहेर.

हे सगळं नीट करणारे लोक आहेत. आणि तरीही त्यांची कोळंबी मरते. का? इथे आपण खाडीकडे येतो.

खाडीवरच्या तलावांचं पाणी कुठून येतं? भरतीला उघाडीतून किंवा पंपाने खाडीतून. जातं कुठे? ओहोटीला त्याच खाडीत. एकाने रात्री दोन वाजता मेलेल्या कोळंबीचं पाणी सोडलं की ते समुद्रात जाऊन विरघळत नाही. सहा तासांनी भरती फिरली की त्यातलं बरंचसं वर येतं आणि वरच्या अंगाच्या माणसाच्या पंपात शिरतं. तो बिचारा त्याच दिवशी पाणी बदलत असतो, कारण त्याला "पाणी बदला" असा सल्ला मिळालेला असतो. कालव्याचं पाणी एकाच दिशेला वाहतं, निदान दोष कुणाचा ते कळतं. खाडी दोन्हीकडे वाहते. आज तो वरचा, उद्या तुम्ही.

मग सांगायला काय जातं? बरंच काही जातं. रोग आल्याची बातमी फुटली की व्यापारी दर पाडतो. उधारीवाला दारात येतो. गावात नाव होतं की याच्यामुळे सगळ्यांची मेली. ज्याच्या तलावाची नोंदणी नाही तो तर तोंडच उघडत नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी गप्प बसणं हाच त्याच्यापुरता शहाणपणा ठरतो, आणि सगळ्यांचा शहाणपणा मिळून खाडी बुडते. खाडीत जाळं टाकणारे आपले कोळी बांधव तर या हिशेबात कुणी धरतच नाही. त्यांचं तलावात काही नसतं, पाण्यात मात्र सगळं असतं.

यावर उपाय नाहीत असंही नाही. आंध्रात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने हैराण झालेल्या छोट्या शेतकऱ्यांनी २००० नंतरच्या वर्षांत गट केले. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने म्हणजे एमपेडाने त्यांना साथ दिली, आणि त्यातूनच २००७ मध्ये नॅक्सा ही संस्था उभी राहिली. गटाचे नियम साधे. बीज एकत्र तपासून एकत्र घ्यायचं, सगळ्यांनी ठरलेल्या दिवसांत सोडायचं, मध्ये सगळ्यांनी मिळून तलाव रिकामे ठेवायचे, आणि कुणाकडे मर झाली तर पाणी न सोडता आधी गटाला कळवायचं. तो रोग विषाणूचा होता, पण पाण्याचा रस्ता तोच.

दुसरं उदाहरण नॉर्वेचं. तिथल्या सॅल्मन माशांना थंड पाण्यातले व्हिब्रिओ आणि इतर जिवाणू छळत होते. १९८७ मध्ये तिथे मत्स्यशेतीत जवळपास ५० टन प्रतिजैविकं वापरली गेली. पुढच्या दहा वर्षांत उत्पादन कितीतरी पटीने वाढलं आणि प्रतिजैविकांचा वापर जवळजवळ संपला. लस आली हे त्याचं मोठं कारण. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार करता येत नाहीत, त्यामुळे तशी लस आपल्या कामाची नाही. पण त्यांनी आणखी एक केलं. वेगवेगळ्या वयाचे मासे एकत्र ठेवणं थांबवलं आणि काढणीनंतर जागा ठरावीक काळ रिकाम्या ठेवल्या. हे करायला आपल्याला कुठली लस लागते?

कागदावर आपल्याकडेही पुष्कळ आहे. जलचरांच्या रोगांवर देशपातळीवर लक्ष ठेवायचा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. रोग कळवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये मोबाइल ॲप काढलं. त्याच वर्षी किनारी मत्स्यसंवर्धनाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन नोंदणी नसल्याबद्दलची तुरुंगाची शिक्षा गेली, दंड राहिला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. छान झालं. पण दर्जा कागदावरून बांधावर कधी येतो? गारपीट झाली की तलाठी पंचनाम्याला येतो. तलाव मेला की कोण येतं?

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत, आणि एकही अवाजवी वाटत नाही.

पहिली, प्रत्येक खाडीचं वेळापत्रक. बीज कधी सोडायचं, पाणी कधी घ्यायचं, कधी सोडायचं आणि कोणत्या महिन्यात सगळी खाडी रिकामी, हे तलाववाले, कोळी सोसायटी आणि मत्स्य विभाग यांनी एकत्र बसून ठरवावं.

दुसरी, किनाऱ्यावरच्या प्रत्येक जिल्ह्यात तपासणी केंद्र, जिथे औषधाचं दुकान नसेल. प्लेट दुसऱ्या दिवशी आणि पीसीआरचा निकाल दोन दिवसांत मिळाला पाहिजे. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून दरवर्षी मुलं शिकून बाहेर पडतात, त्यातली कित्येक खाद्य आणि औषधं विकायच्या नोकरीला लागतात. त्यांना तपासायच्या नोकऱ्या द्या.

तिसरी, जो स्वतःहून रोग कळवेल त्याला विम्यात आणि भरपाईत पहिला हक्क. आज कळवणाऱ्याचं नुकसान होतं आणि लपवणाऱ्याचा फायदा. हे उलटं केल्याशिवाय कुठलंही ॲप चालणार नाही.

चौथी, रात्रीची वीज. शेतीचा दर द्यालच, पण एरेटरला पहाटे चार वाजता वीज लागते. तेव्हा ती गेली तर स्वस्त दर काय कामाचा?

खाणाऱ्यांसाठी एक खुलासा, नाहीतर ही पोस्ट वाचून कुणीतरी कोळंबी बंद करेल. व्हिब्रिओ नीट शिजवल्यावर मरतो. कच्ची किंवा अर्धकच्ची खाऊ नका, कच्च्या कोळंबीला लावलेली सुरी-पाटी धुऊन घ्या, आणि कोळंबीची खिचडी खुशाल करा. तुमच्या ताटाला धोका व्हिब्रिओपेक्षा त्याच्यावर टाकलेल्या पुडीचा जास्त आहे. म्हणून विकत घेताना दर विचारता तसं, कुठल्या तलावातली आहे, हेही विचारा.

आणि तलाववाल्यांना विनंती. सरकार करेल तेव्हा करेल. आपल्या खाडीवरच्या सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आजच करा. त्यात सुप्रभात नको, तीनच गोष्टी लिहा. पाणी कधी घेतलं, पाणी कधी सोडणार, मर आहे का. पहिला माणूस "माझ्याकडे मर आहे, चार दिवस पाणी घेऊ नका" असं लिहील, तेव्हा त्याला शिव्या घालू नका. त्याच्या त्या एका ओळीमुळे तुमचा तलाव वाचू शकतो. त्याला धन्यवाद म्हणा आणि त्याचं पाणी आतच अडवून, क्लोरीन मारून निर्जंतुक करायला हाताला हात लावा.

ग्रुप केलात तर कळवा. सुरुवातीच्या प्लेट्स मी लावून देईन.